पेवाच्या तोंडाशी

दोर जड लागला. म्हणजे टोकाला कोणीतरी बांधलेलं होतं. कोण, ते वर आल्याशिवाय दिसणार नव्हतं.

खाली दोघे होते. आधी उतरला तो पेवकरी, माझ्या शेजारी दोर ओढणाऱ्या बाईचा नवरा. त्याला काढायला मागून उतरले ते माझे सासरे. दोर एकच होता. आम्ही तिघं तो ओढत होतो. पुढं गाडीवान, त्याच्या मागं एका अंगाला ती, एका अंगाला मी. ती कानडीत काहीतरी पुटपुटत होती. पेवाचं तोंड माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढं, आणि आत काळोख. हळदीचा वास येत होता, आणि त्या वासाखाली आणखी एक वास होता, कुजलेल्या पाचटासारखा.

हे सांगलीजवळच्या हरिपुरातलं. तिथं हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत पुरलेली मोठी घागर समजा. तोंड अरुंद, पोट मोठं. आत पाचट लावायचं, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. मग पाऊस जावो, वर्ष जावो, हळदीला कीड लागत नाही. पण लिंपलेल्या पेवात हवा मरते. तोंड उघडलं की ते बराच वेळ तसंच मोकळं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणसानं उतरायचं. विझला तर थांबायचं. एवढा एकच नियम, आणि तो हरिपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

हळद आमची होती. आमचं गाव कराडपासून आत, कोयनेच्या अंगाला. मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. आदल्या साली हळद सगळ्यांचीच एवढी पिकली की पेठेत कोणी धड विचारीना. म्हणून आमचा अडत्या, म्हणजे पेठेत आमचा माल विकून देणारा माणूस, त्यानं ती पेवात घालायला सांगितली. आता बाजार उठला, माल काढायला या, असा त्याचा निरोप आला.

दर साली मामंजी एकटे जात. मी सासऱ्यांना मामंजी म्हणत असे. त्या साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काटा दिसत नव्हता, हळकुंड मोडलं तर आतला रंग दिसत नव्हता. भाऊबंदातल्या कोणाला नेलं तर तो घरी येऊन सगळ्या गावाला आमचा भाव सांगणार. राहिले कोण, तर मी. माझे डोळे चांगले होते आणि तोंड बंद असायचं.

तोंड बंद असायला कारण होतं. बोलायला कोणी नव्हतं. नवरा फौजेत. वर्षातून एकदा रजेवर यायचा, पाहुण्यासारखा राहायचा, आणि माझ्याशी जरा मोकळं बोलायला लागायचा तोवर जायचा दिवस यायचा. मूलबाळ नव्हतं. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. माहेरी आईबाप नव्हते, भावजय होती, तेव्हा माहेरही नव्हतं असंच म्हणायचं. घरात मी आणि मामंजी. ते बैलांशी बोलत तेवढंसुद्धा माझ्याशी बोलत नसत. "वाढ" आणि "बास", एवढ्यात आमचा दिवस सरायचा. ते वाईट नव्हते. त्यांना सवय नव्हती. पण पडवीत त्यांचं खोकणं ऐकू यायचं, खाट करकरायची, म्हणजे घरात दुसरं माणूस आहे एवढं कळायचं. तेवढ्यावर माझं चाललं होतं. ते गेले तर त्या घरात फक्त मी राहणार, हे मला लग्नाच्या पहिल्या सालापासून दिसत होतं.

आम्ही निघालो तेव्हा एसटीच्या फाट्यावर बायका उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "नवरा न्हेत न्हाई, सासरा तरी बाजार दावतोय." सगळ्या हसल्या. खोटं काय होतं त्यात?

पहिल्या दिवशी दुपारी हरिपुरात पेव उघडलं. पेवकरी काटक, हसरा गडी होता. मराठी बोलायचा पण कानडी चालीवर. त्याचा जोडीदार जतकडं लग्नाला गेला होता, म्हणून वर दोर धरायला गाडीवान आणि मामंजी. मी लांब चिंचेखाली बसले, कारण बायकांनी पेवाच्या तोंडाशी जायचं नाही अशी तिथली रीत होती. पेवकऱ्यानं तोंड मोकळं ठेवलं, भाकरी खाल्ली, पान खाल्लं, मग कंदील सोडला. कंदील जळला. मग कमरेला दोर बांधून तो उतरला. खाली गेल्यावर कमरेचा दोर सोडायचा आणि त्याच दोराला पाटी बांधून माल वर पाठवायचा. हळदीच्या पाट्यांवर पाट्या वर आल्या. निम्मं पेव रिकामं झालं असेल तेवढ्यात आभाळ भरून आलं. आत पाणी जाऊ नये म्हणून त्यानं तोंडावर फळ्या घातल्या, वर ताडपत्री, ताडपत्रीवर माती. पाऊस काही पडला नाही. काढलेला माल गाडीत भरून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत नेला.

सांगलीची पेठ मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मोठी आहे असं ऐकून होते. मोठी म्हणजे काय ते तिथं उभं राहिल्यावर कळलं. रस्ताच पिवळा. बैलांची खुरं पिवळी, हमालांच्या पाठी पिवळ्या, चहाच्या कपांच्या कडा पिवळ्या. कर्नाटकातून आलेले ट्रक एकाला एक लागून उभे. एक कानडीत ओरडतोय, दुसरा मराठीत शिवी देतोय, तिसरा मारवाडीत हिशोब करतोय, आणि सगळ्यांना सगळं समजतंय. गुळाच्या ढेपांवर माश्या, मिरचीचा खकाणा, पोत्यांत आकडे रुपल्याचा आवाज. हमाल पोतं पाठीवर घेऊन वाकून धावत यायचे, त्यांना समोरचं माणूस दिसायचं नाही, फक्त पाय दिसायचे. माझे लुगड्यातले पाय बघून ते ओरडायचे, "बाई, बाजूला." मी एका बाजूची दुसऱ्या बाजूला व्हायचे, तिथला हमाल तेच ओरडायचा. सकाळभर त्या पेठेत माझ्याशी कोणी बोललं असेल तर एवढंच.

अडत्याच्या दुकानापुढं आमचा ढीग घातला. मामंजींनी एक हळकुंड उचललं, मोडलं आणि माझ्यापुढं धरलं. मी आतला रंग बघून हळू सांगितलं, केशरी आहे, कडेला काळं नाही. मग दुसरं. एका म्हाताऱ्या हमालानं ते बघितलं.

"आवं आजोबा, चष्मा संगट आनलाय व्हय?"

"व्हय," मामंजी म्हणाले. "ह्यो चष्मा बोलत न्हाई, म्हून आनला."

आजूबाजूचे हसले. मलाही हसू आलं, ते मी पदरात दाबलं. मामंजी माझ्यावरून काही बोलले असं ते पहिल्यांदाच झालं.

भाव करायची तिथली जुनी रीत होती. खरेदीदार आणि अडत्या हातात हात घ्यायचे, वर उपरणं टाकायचे आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडानं इकडचं तिकडचं बोलायचं, पाऊस, लग्नं, कोणाची गुडघेदुखी. बोटं वेगळंच बोलत असायची. उघड बोलीचा नियम झाला होता म्हणे, पण जुनी माणसं ऐकत नव्हती. मामंजींनी अडत्याला बाजूला सारून स्वतःच हात पुढं केला. डोळे गेले तरी बोटं चांगली होती. उपरण्याखाली बराच वेळ काय ते चाललं. मग खरेदीदारानं हात काढून घेतला आणि सांगितलं की भाव पटला, पण सगळा माल एकदम हवा. पेवातला उरलेला संध्याकाळच्या आत आला तर सौदा पक्का, नाहीतर त्याचा ट्रक दुसऱ्याचा माल भरून जाईल.

मामंजी चहाला गेले. हॉटेलात बायका जात नव्हत्या, मी बाहेर उभी राहिले. पाणी मी सकाळपासून प्यायले नव्हते. पेठेत बाईमाणसानं आडोशाला जायची कुठं सोय नव्हती, म्हणून पाणीच प्यायचं नाही, हे मी कोणी न सांगता ठरवलं होतं. ऊन चढलं तशी जीभ टाळ्याला चिकटली.

दुकानाच्या कडेला बायकांची रांग बसली होती. हळद निवडायची, हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं. त्यातल्या एकीनं माझ्याकडं बघितलं, आपली पाटी सरकवली आणि जमिनीवर हात थोपटून म्हणाली, "बा." ये, असं. मी बसले. तिनं तांब्या पुढं केला. मी मान हलवली. ती समजली. हसली आणि मागच्या बोळाकडं बोट दाखवून, एका पडक्या भिंतीआड बायकांची जागा आहे हे तिनं हातवाऱ्यांनी मला सांगितलं. मग मी पाणी प्यायले. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं. आम्ही काही न बोलता तिची पाटी निवडली. ती पेवकऱ्याची बायको आहे हे मला नंतर कळलं, तिचा नवरा गाडीबरोबर तिला घ्यायला आला तेव्हा. जोडीदार अजून आला नव्हता आणि घाई होती, तेव्हा दोर मागून ओढायला आणखी एक माणूस हवं होतं.

हरिपुरात पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पेवकऱ्यानं माती सारली, ताडपत्री काढली, फळ्या काढल्या आणि लगेच कमरेला दोर बांधायला घेतला. मामंजींनी विचारलं, "दिवा?" तो म्हणाला, काल जळला की दिवा, मालक, उघडलेलं पेव हाय. कंदील त्याच्या घरी होता. घर नदीच्या अंगाला. जायचं, आणायचं, तोंड मोकळं ठेवून वाट बघायची, तोवर ट्रक गेला असता. मामंजींनी दोर हातात घेतला. आमच्या गावातली जोंधळ्याची पेवं एकदा उघडली की उघडलीच असायची, रोज कोणी दिवा सोडत नसे. ही हळद होती, आणि रात्रभर फळ्यांखाली होती.

तो उतरला. एक पाटी वर आली. दोर परत खाली सोडला. दुसरी पाटी येईना.

गाडीवानानं हाक मारली. पेवकऱ्याच्या बायकोनं मारली. दोर हलवला तर तो हलका लागला, वर ओढला तर रिकामा आला. मग ती तोंडाशी आडवी पडून आत ओरडायला लागली. रीतबीत कोणाच्या ध्यानात नव्हती. मीही तिथंच होते.

गाडीवान जाड अंगाचा, त्याचे खांदे तोंडातून जाणार नव्हते. वस्ती लांब होती. मामंजींनी पटका सोडला, गाडीतल्या घागरीत भिजवला आणि नाकातोंडावर बांधला. मग दोर कमरेला बांधायला लागले. मी गाठ धरली.

"मामंजी, तुमी नगा उतरू. तुमाला दिसत न्हाई."

"तितं डोळ्याचं काय काम? हातानं तर चाचपायचंय."

"मग मला कोन हाय?"

त्यांनी माझ्याकडं तोंड केलं. मी त्यांना धड दिसत नव्हते हे मला माहीत होतं. पटक्यामुळं आवाज दबका आला.

"दोर धर," ते म्हणाले.

मी धरला. आम्ही तिघांनी त्यांना सोडलं. ते हलके होते. हाताला बैलाच्या कासऱ्यापेक्षा जास्त ओढ नव्हती. मग पाय टेकले आणि दोर सैल पडला. खाली हळद सरकल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच नाही. मग दोराला दोन हिसके बसले आणि तो ताणला. गाडीवान ओरडला, ओढा.

दोन हात दोर वर घेतला आणि मला कळलं. माझे सासरे एवढे जड नव्हते.

तिला कळलं नव्हतं. ती डोळे मिटून ओढत होती. मी हात ढिला सोडला नाही. सोडून काय उपयोग होता? पेवाच्या तोंडातून आधी केस आले, हळदीनं भरलेले, मग मान, मग काखेखालून बांधलेला दोर. गाठ मामंजींची होती, बैलाला बांधतात तशी. गाडीवानानं काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं. ती त्याच्या अंगावर पडली. मी त्याच्या काखेतली गाठ सोडली आणि दोर परत आत टाकला. टोक तळाला गेलं. मी हिसका दिला, हाक मारली, परत हिसका दिला. वर काही आलं नाही. बांधून घ्यायला खाली कोणी जागं नव्हतं.

गाडीवान वस्तीकडं पळाला. मी जवळच्या लिंबाचे डहाळे मोडले. आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरायच्या आधी डहाळ्यांचा भारा खालीवर करून हवा हलवतात. तसा भारा दोराला बांधला आणि खालीवर करत राहिले. हाताची सालं निघाली. माणसं आली, कंदील आला. कंदील निम्म्यावर विझला. परत डहाळे. परत कंदील. तो तळापर्यंत जळत गेला तेव्हा एक पोरगेला गडी उतरला आणि त्यानं मामंजींना वर पाठवलं. नंतर त्यानं सांगितलं, म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, हात हळदीत होते.

चिंचेखाली दोघांना शेजारी ठेवलं होतं. पेवकरी ओकला आणि कण्हायला लागला. मामंजींचा पटका मी सोडला. तो अजून ओला होता.

पोलीस आले, दवाखाना झाला. मामंजींना गावी नेलं ते दुसऱ्याच एका ट्रकमधून. नवऱ्याला तार केली, पण तो दूर होता, येईतोवर सगळं उरकलं होतं. अग्नी चुलतदिरानं दिला. नवरा काही दिवस राहिला. वाड्यावस्त्यांवरची माणसं भेटायला येत होती तोवर घर भरलेलं होतं. मग तो गेला आणि माणसंही यायची थांबली. पडवीतली खाट मी तशीच ठेवली. ती करकरत नव्हती.

हळद निम्मी पेठेत, निम्मी पेवात. चुलतदीर म्हणाला, बायामाणसाचं ते काम नव्हं, मी जातो. मी म्हणाले, माझी मी जाईन. आणि गेले.

अडत्या बरा वागला. उरलेला माल त्यानं काढून आणून ठेवला होता. खरेदीदार दुसरा होता. तो माझ्या मागं बघत राहिला, माझ्यामागून कोणी पुरुष येतोय का म्हणून. कोणी नव्हता. त्यानं उपरणं खांद्यावरून काढलं आणि तसाच थांबला. परक्या बाईचा हात उपरण्याखाली कसा धरायचा? अडत्यानं हात पुढं केला तर मी त्याला नको म्हणाले. माल माझा होता. शेवटी खरेदीदारानं उपरणं परत खांद्यावर टाकलं आणि भाव तोंडानं सांगितला. सगळ्या पेठेला ऐकू गेला. आजूबाजूचे सौदे थांबले, माणसं वळून बघायला लागली. मी एक हळकुंड मोडलं, आतला रंग त्याला दाखवला आणि माझा भाव सांगितला, तोही तोंडानं. त्यानं पुन्हा सांगितला, मी पुन्हा सांगितला. सौदा झाला. त्यानंतर मी कितीतरी वर्षं त्या पेठेत गेले आणि माझा सौदा कायम उघडच झाला. कोणी शेजारी बसवून घेतलं नाही, कोणी हसलंही नाही. चष्म्याचं बोलणारा म्हातारा हमाल मला बघून नुसता बाजूला व्हायचा.

त्या दिवशी काम उरकल्यावर मी निवडणाऱ्या बायकांच्या रांगेकडं गेले. ती होती. तिनं मला बघितलं आणि तिचे हात थांबले. मला वाटलं, उठून जाईल. ती उठली नाही. पाटी सरकवून तिनं जागा केली, पण या वेळी हात थोपटला नाही आणि बा म्हणाली नाही. मी बसले. तिनं तांब्या पुढं केला, मी प्यायले. मग आम्ही हळद निवडली.

तिचा नवरा हातगाडी लावून पलीकडं उभा होता. तो पुन्हा पेवात उतरला नाही, पेठेतच गाडी ओढायला लागला होता. त्याला खोकला लागला होता, तो ऐकू येत होता. तो माझ्याजवळ आला नाही. लांबूनच त्यानं कपाळाला हात लावला आणि मान खाली घातली. तो मला वाईटही वाटला नाही आणि चांगलाही वाटला नाही. रांगेतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्यादेखत रडावं असं त्यांना वाटत असावं. मी पाटी पुरी केली, पदर झटकला आणि एसटी धरली.

एसटीत खिडकीशी बसले. लुगडं पिवळं झालं होतं. कराडला गाडी बदलली, फाट्यावर उतरले, घरी येऊन कुलूप काढलं. चूल पेटवली, एकटीपुरती भाकरी थापली.

दोर एकच होता. मामंजींनी तो दुसऱ्याला बांधला, मी ओढला. पेवात उतरले दोघे. तिचा नवरा जगला.